शेजारचे गोवे : परिचय आणि ओळख

गोव्याची वाट रत्नागिरीकराला कोणी दाखवावी लागत नाही. एके काळी मुंबईहून सुटलेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस लागत असे. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तोच प्रवास काही तासांवर आला आहे. गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्यास महाराष्ट्र कोठे संपला आणि गोवे कोठे सुरू झाले हे चटकन कळतही नाही. तोच जांभा दगड, त्याच माडापोफळीच्या बागा, त्याच भरती-ओहोटीने श्वास घेणाऱ्या खाड्या. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत नारळ आणि आमसूल यांवाचून चूल पेटत नाही. परशुरामाने समुद्र मागे हटवून भूमी मिळविल्याची कथा चिपळूणकर सांगतो, तशीच ती बाणावलीकरही सांगतो.

इतका परिचय असूनही आपण गोवे ओळखतो काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. पर्यटकाच्या मनातील गोवे समुद्रकिनाऱ्यावर सुरू होते आणि तेथेच संपते. भाविकाच्या मनातील गोवे म्हणजे जुन्या गोव्यातील बॉ जेझू मंदिर आणि तेथे विसावलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष. इतर अनेकांना गोवे म्हणजे भारतात राहून गेलेला युरोपचा एक तुकडा वाटतो. या तिन्ही चित्रांत थोडे सत्य आहे. परंतु तिन्ही एकत्र केली तरी गोवे पूर्ण होत नाही.

आम्हां दक्षिण कोकणातील ख्रिस्ती कुटुंबांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा. आमची आडनावे फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज अशी असल्याने 'तुम्ही गोव्याचे का?' हा प्रश्न शाळेच्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत आमची पाठ सोडत नाही. गोव्यात गेलो की आमची मराठी ऐकून तेथील माणूस आम्हांस महाराष्ट्राचे ठरवितो. तेव्हा शेजारच्या या राज्याची ओळख करून घेणे म्हणजे काही अंशी स्वतःचीच ओळख करून घेणे होय.

एक किनारा, दोन इतिहास

सोळाव्या शतकाच्या आरंभी दाभोळ आणि गोवे ही दोन्ही बंदरे विजापूरच्या आदिलशाहीत होती. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने दाभोळ जाळून लुटले आणि तो पुढे निघून गेला. दोन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, अफोन्सो द आल्बुकर्क याने गोवे जिंकले आणि तेथे पोर्तुगीज सत्तेने ठाण मांडले. दाभोळ पुढे मराठ्यांकडे आणि मग इंग्रजांकडे गेले. एकाच किनाऱ्यावरची दोन भावंडे दोन घरी वाढावीत तसे हे झाले.

मात्र 'साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट' हे वाक्य साऱ्या गोव्याला सारखे लागू पडत नाही. पोर्तुगिजांनी प्रथम तिसवाडी घेतली. बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे आले. या भागास 'जुन्या काबिजादी' म्हणतात. चर्चची पांढरी शिखरे आणि ख्रिस्ती गावे मुख्यतः येथे आढळतात. उरलेला मोठा मुलूख १७६३ ते १७८८ या काळात त्यांच्या हाती आला. फोंडे, सांगे, केपे, काणकोण हा प्रदेश सौंदेकर राजांकडून गेला, तर पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून. या 'नव्या काबिजादीं'पर्यंत राजवट पोहोचली तेव्हा तिचा धर्मांतराचा आवेश ओसरला होता. म्हणून पेडण्यातील देवळे, जत्रा आणि दशावतार आपल्या सावंतवाडीशी मिळतेजुळते राहिले. पेडणे पोर्तुगिजांकडे राहिले ते पावणेदोनशे वर्षांहूनही कमी. तिसवाडी राहिली ४५१ वर्षे.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या सुमारे साडेचौदा लाख वस्तीपैकी ६६ टक्के लोक हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्क्यांहून थोडे अधिक मुसलमान होते. गोवे हा केवळ ख्रिस्ती प्रदेश आहे, हा दूरवर पसरलेला समज एवढ्या आकड्यांनीच दूर व्हावा.

गावकरी आणि खोती

गोव्याची ओळख केवळ राजवटींच्या यादीतून होत नाही. तिची मुळे शेताच्या बांधात आहेत. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे 'गावकरी' नावाची संस्था होती. गावाची जमीन गावकऱ्यांच्या समुदायाच्या मालकीची असे. तिच्या उत्पन्नातून बंधारे राखले जात, देवळाचा खर्च चाले, राज्याचा सारा भरला जाई आणि उरलेले वाटून घेतले जाई. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने या चालीरीतींची नोंद करून एक सनद तयार केली. जिंकणाऱ्यांनाही गावाची घडी मोडण्याऐवजी ती लिहून घ्यावी लागली, यातच त्या संस्थेचे बळ दिसते. पुढे पोर्तुगिजांनी तिला 'कोमुनिदाद' म्हटले, आणि देवळाच्या जागी चर्च आले तरी गावकरी टिकली. बाप्तिस्मा घेतलेला गावकरी आणि न घेतलेला गावकरी यांचे कूळ आणि वांगड ओळखता येत राहिले.

या संस्थेचे मोठे काम म्हणजे खाजणे. खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवायचे, मानशीच्या दारांनी ते आत-बाहेर सोडायचे आणि समुद्रसपाटीखालच्या जमिनीत भात पिकवायचे. रत्नागिरीच्या खाड्यांवर खारजमिनी आणि खारबांध आपणही पाहतो. एका माणसाने हा बांध राखता येत नाही. एकाच्या शेताजवळ भगदाड पडले तर साऱ्या गावाचे पीक जाते.

आपल्याकडे मात्र गावगाड्यावर खोताचे वर्चस्व राहिले. सारा वसूल करणारा खोत आणि त्याच्या मर्जीवर जगणारे कूळ, ही रत्नागिरीच्या खेड्यांची शतकानुशतकांची कहाणी. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती १९४९ नंतर. गोव्यातही सारे समान नव्हते. गावकरीत सर्व जातींना वाटा नव्हता, आणि भाटकार व मुंडकार यांचे नाते खोत-कुळांच्या नात्याहून फारसे गोड नव्हते. तरीही 'गाव आपला आहे' ही भावना गोवेकराच्या बोलण्यात जितक्या सहजतेने येते, तिच्यामागे या सामाईक मालकीची आठवण असावी असे आम्हांस वाटते.

हापूसची साक्ष

आता आपल्याच अंगणातील एक साक्ष काढू. रत्नागिरीचे नाव जगात पोहोचविले ते हापूस आंब्याने. हे नाव 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून आले. चांगल्या आंब्याचे कलम बांधून तोच गुण पुढे चालविण्याची कला पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात भरभराटीस आली आणि येशूसंघीय धर्मगुरूंचा तिला मोठा हातभार लागला. गोव्यातून ते कलम उत्तरेस सरकले आणि रत्नागिरी-देवगडच्या जांभ्या कातळावर त्याने असा रंग धरला की जन्मघराहून सासरीच त्याचे नाव अधिक झाले. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या कोकणातील हापूसला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

काजूचेही तसेच. ब्राझीलमधील हे झाड पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरले आणि आपल्या डोंगरउतारांवर पसरले. पाव, बटाटा, अननस, पेरू, चावी, पगार, घमेले, तुरुंग हे शब्द आपण रोज वापरतो. ते पोर्तुगीज आहेत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. शुद्ध मराठीचा कितीही अभिमान असलेला माणूस महिनाअखेर 'पगारा'चीच वाट पाहतो. संस्कृती सरहद्दीवरच्या चौकीला परवाना दाखवून ये-जा करीत नाही.

जखमा आणि एक अपूर्व देणगी

एवढे सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतील देवळे पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा अशी दैवते त्यांच्या भक्तांनी खाडीपलीकडे फोंड्याच्या मुलखात नेली, आणि अनेक कुटुंबे कोकणात, कारवारकडे व मंगळूरकडे गेली. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायासन, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. त्याचा जाच नवख्रिस्ती कुटुंबांनाही भोगावा लागला. १७३६ च्या एका आज्ञापत्राने ख्रिस्ती लग्नघरांतील विडा, हळद आणि देशी गाणी यांवरही बंदी घातली. त्याआधी, १६८४ मध्ये, संभाजीराजांच्या स्वारीच्या धक्क्यातून सावरत असलेल्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून जी असहिष्णुता घडली तिच्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. गोव्याचा इतिहास वाचताना ती प्रार्थना आपणही मनात धरावी.

परंतु याच मातीत एक वेगळे झाडही वाढले. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत घालविली. १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. लिपी मात्र रोमन. आपण हा ग्रंथ मराठीत रचला असून सामान्यांस समजावा म्हणून त्यात 'ब्राह्मणभाषे'तील, म्हणजे तेथील कोकणीतील, शब्द घातले आहेत, असे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगितले आहे.

त्याच फादर स्टीफन्सनी धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र कोकणीत लिहिले, ते १६२२ मध्ये छापले गेले. कोकणीचे त्यांनी रचलेले व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना प्रार्थना शिकवायची ती घरच्या भाषेत; पुराण गायचे ते ज्या भाषेत लोकांना पुराणे ऐकण्याची सवय होती त्या मराठीत. 'यांतली खरी भाषा कोणती?' असा वाद या परदेशी माणसाने घातला नाही. दोघींना त्यांचा त्यांचा मान दिला. गोव्याची ओळख समजून घेण्याची किल्ली आम्हांस येथे सापडते.

सरहद्द आणि कौल

रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी बांदे, सातार्डे, आरोंदे ही गावे रत्नागिरीतच होती आणि आपला जिल्हा थेट गोव्याला भिडलेला होता. म्हणून गोवामुक्तीच्या लढ्याची एक आघाडी रत्नागिरीची भूमी होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. हा किल्ला सावंतवाडीकरांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतलेला, आणि आत संत अंतोनीचे चर्च असलेला! १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासह पहिली मोठी तुकडी सरहद्द ओलांडून गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला बांद्यापलीकडच्या पत्रादेवीला गोळीबार झाला. तेथे पडलेल्या हुतात्म्यांत पंजाबचे तरुण कर्नैलसिंग होते. त्या काळात आर्थिक नाकेबंदीमुळे सरहद्द बंद झाली. अलीकडे माहेर आणि पलीकडे सासर असलेल्या कुटुंबांची ताटातूट झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवे मुक्त झाले.

मग उभा राहिला खरा प्रश्न : आता हे गोवे कोणाचे? महाराष्ट्र राज्य नुकतेच, १ मे १९६० रोजी, जन्मले होते. कोकणी ही मराठीची बोली, मंदिरांतील भजने मराठी, शाळा मराठी. तेव्हा गोवे महाराष्ट्रात येणार हे आपल्याकडे बहुतेकांना उघड वाटत होते. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने ती बाजू जोराने मांडली. गोव्यातही महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६३ ची निवडणूक जिंकली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बहुजन समाजाला विलीनीकरणात भाटकाराच्या जाचातून सुटण्याची वाट दिसत होती. ती आशा खोटी म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूस डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, आणि कोकणीच्या प्रेमाने पेटलेले रवींद्र केळेकरांसारखे लेखक होते.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण होती फूल. वेगळे राहण्याची, दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. ख्रिस्ती लोकांनी विलीनीकरण हाणून पाडले, असे त्यानंतर पुष्कळांनी म्हटले. ते गणितात बसत नाही. ख्रिस्ती वस्ती तेव्हाही निम्म्याहून बरीच कमी होती. हजारो हिंदू मतदारांनी दोन पानांवर शिक्का मारल्यावाचून हा निकाल लागणे शक्य नव्हते.

त्याहून विचार करायला लावणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. विलीनीकरणाविरुद्धचा एक प्रखर आवाज मडगावच्या 'राष्ट्रमत' या दैनिकातून उठला, आणि ते दैनिक मराठी होते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लोक त्यात आवडीने वाचीत. महाराष्ट्रात जायचे नाही, हे गोव्याने बऱ्याच अंशी मराठीतूनच एकमेकांना सांगितले! दुसरी गोष्ट अशी की, कौलानंतर अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसविले. मराठी हवी, बांदोडकर हवेत, कूळकायदा हवा; पण घर आपले वेगळे हवे. हा विरोधाभास आपल्याला वाटतो. गोवेकराला त्यात विसंगत असे काही वाटले नाही.

पुढची वाटही सरळ नव्हती. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी देवनागरीतील कोकणी गोव्याची राजभाषा झाली, आणि मराठीच्या वापराचीही तरतूद कायद्यात ठेवली गेली. त्याआधीच्या आंदोलनात माणसांचे प्राण गेले. ३० मे १९८७ रोजी गोवे भारताचे पंचविसावे राज्य बनले आणि १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. तरीही रोमन लिपीत प्रार्थना करणाऱ्या, तियात्र लिहिणाऱ्या ख्रिस्ती समाजाला आपली लिपी कायद्याबाहेर राहिल्याची खंत आहे, आणि मराठीला बरोबरीचे स्थान मागणारेही आहेत. ओळख ही एकदा कोरून ठेवलेली शिळा नाही, हेच यातून दिसते.

शेजारधर्म

बोरीचे कवी बा. भ. बोरकर मराठीत आणि कोकणीत सारख्याच सहजतेने लिहीत. मराठी वाचकांनी त्यांना आपले मानले. साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांना १९८१ मध्ये कोकणी 'सासाय'साठी मिळाले. बोरकरांना दोहोंपैकी एक निवडावे लागले नाही. फादर स्टीफन्सनाही लागले नव्हते.

आम्हां रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील ख्रिस्ती कुटुंबांचा वारसाही असाच जोडवारसा आहे. आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज बारदेश-तिसवाडीतून सावंतवाडी संस्थानात आणि तेथून पुढे आले. त्यांनी मालवणी उचलली, मराठी शाळेत मुले घातली, मुंबईस गिरणीत किंवा बोटीवर नोकरी धरली. आजीची प्रार्थना कोकणीत, नातवाचा निबंध मराठीत. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा या समाजाला स्वतःचे असे एक घर मिळाले. आता 'तुम्ही गोव्याचे का?' या प्रश्नाने संकोचून जाण्याचे कारण नाही. मुळे तिकडची, माती इकडची, आणि फळ दोहोंचे, असे रत्नागिरीच्या हापूसकडे बोट दाखवून खुशाल सांगावे.

१९६७ साली गोव्याने 'नाही' म्हटले. तो नकार मराठीला नव्हता, आपल्यालाही नव्हता. शेजाऱ्याने दिलेला तो उंबरठा होता : येथवर या, बसा, जेवा, पण घर आमचे आम्हांला राखू द्या. आपल्याकडे त्या 'नाही'चा सल कित्येक वर्षे राहिला. आज अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर तो उंबरठा मानाने ओलांडता यावा.

सणाच्या सुटीत आपली मुले गोव्यास जातात. त्यांना किनारा जरूर दाखवावा. पण जाताना पत्रादेवीच्या हुतात्म्यांना वंदन करावे, राशोलच्या टेकडीवर 'ख्रिस्तपुराण' कोठे छापले गेले ते सांगावे, आणि एखाद्या खाजणाच्या बांधावर उभे राहून, साऱ्या गावाने मिळून समुद्र कसा थोपविला, हे समजावून द्यावे. घरी परतल्यावर ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत उघडून चार ओव्या मोठ्याने वाचाव्यात. त्यातील काही शब्द मुलांना मराठीतून कळतील, तर काही आजीला विचारावे लागतील.